गाडीतली शिट्टी शोधायला घेतलेली मास्किंग टेप: चार महिने वापरून झाल्यावर

ही टेप रंगकामासाठी विकतात हे मला माहितीये, बाकीच्यांनी रिव्ह्यूमध्ये भिंतीच्या कडा सरळ आल्या, रंग आत झिरपला नाही वगैरे लिहिलंय, मी मात्र आजवर एकही भिंत रंगवलेली नाही त्यामुळे त्यातलं मला विचारू नका. मी हा रोल घेतला गाडी चालवताना येणारी शिट्टी शोधायला, आणि त्या कामासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच.

तर झालं असं की गाडी साधारण ८०-८५ च्या पुढे गेली की एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. कुकरसारखी नाही, कोणीतरी दातांच्या फटीतून हळूच वाजवल्यासारखी, एकसुरी, सारखी. ६० ला काही नाही, ७० ला काही नाही, आणि मग एकदम कोणी बटण दाबल्यासारखी चालू. पहिले दोन दिवस मला वाटलं फोन वाजतोय. बायकोला वाटलं एसी. मुलीने सांगितलं की गाडीत भूत आहे, आणि खरं सांगायचं तर पुढचे तीन आठवडे तिचाच अंदाज सगळ्यात स्वस्त पडला असता.

कारण टेपच्या आधी मी दोन वस्तू घेऊन बसलो होतो, त्यांचाही रिव्ह्यू इथेच उरकतो. एक म्हणजे मेकॅनिकवाला स्टेथोस्कोप, कानात घालायचा आणि पुढे डॉक्टरच्या चकतीऐवजी लोखंडी सळई. वस्तू वाईट नाही, उलट भारी आहे, पण ती उभ्या गाडीच्या इंजिनासाठी आहे. सळईचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवलं, मग बेल्टच्या पुलीच्या बोल्टवर, मग वॉटर पंपवर, की कोणतं बेअरिंग घरघरतंय ते लगेच कळतं, आणि सळई काढून नुसती नळी फिरवली तर हवा कुठून फुसफुसतेय तेही सापडतं (फिरत्या बेल्टपासून आणि फॅनपासून नळी आणि बाही दोन्ही लांब ठेवा, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो). पण माझी शिट्टी उभ्या गाडीत येतच नव्हती तर मी काय ऐकणार. तीन स्टार, चूक माझी आहे त्याची नाही.

दुसरी वस्तू दाराला चिकटवायची रबरी पट्टी, ते डी आकाराचं पोकळ बीडिंग. व्हिडिओ बघून घेतलं. चारही दारांना लावलं, दुपार गेली, आणि नंतर दार लावायला दोन हात लागायला लागले. शिट्टी होती तशीच. उलट वाऱ्याचा घोंगाट थोडा वाढला असं वाटलं, आणि ते कसं ते नंतर डोक्यात आलं: पट्टी जाड असेल तर दार पूर्ण आत बसत नाही, एखादा मिलिमीटर बाहेर राहतं, आणि ती बाहेर आलेली कड वाऱ्याला आयती सापडते. मूळ बीडिंग फाटलेलं किंवा चपटं झालेलं असेल तर त्याच गाडीचं बीडिंग आणून बदला, वरून दुसरं चिकटवू नका. दोन स्टार, तेही गोंद चांगला होता म्हणून, काढताना नखं गेली.

मध्ये एका गॅरेजमध्ये पण जाऊन आलो. त्यांनी गाडी चालवून बघितली, गाडी वर उचलली, चाक हलवून बघितलं आणि सांगितलं व्हील बेअरिंग गेलंय, पुढची दोन्ही बदलून टाकू. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण बेअरिंग गेल्यावर सहसा शिट्टी येत नाही, घूऽऽऽ असा जाड आवाज येतो, विमान लांबून जातंय तसा, आणि तो चाकाच्या वेगाबरोबर हळूहळू चढतो, ८५ ला एकदम उगवत नाही. शिवाय मोठ्या वळणावर गाडीचा भार एका बाजूला जातो तेव्हा तो वाढतो नाहीतर कमी होतो. माझ्या शिट्टीला वळणाशी काही देणंघेणं नव्हतं. मग म्हटलं थांबा, आधी मीच नीट बघतो.

आणि ज्या गोष्टीने मला खात्री पटली ती फार साधी होती, कोणत्याही दुकानात मिळत नाही. एका सरळ मोकळ्या रस्त्यावर जाताना शिट्टी ७८ लाच सुरू झाली, आणि त्याच रस्त्यावरून परत येताना ९५ पर्यंत आलीच नाही. रस्ता तोच, टायर तेच, बेअरिंग तेच, फक्त जाताना वारा समोरून होता आणि येताना पाठीमागून. चाकाला काय माहीत वारा कुठून आहे? ७८ ने चाललेल्या गाडीला समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर गाडीच्या अंगावर हवा ८८ ने येते, आणि पाठीमागून तेवढाच असेल तर ९५ लाही ८५ च लागते. म्हणजे स्पीडोमीटरवरचा आकडा या आवाजाला समजतच नाही, त्याला हवेचा वेग समजतो. इथे बेअरिंग, टायर, ब्रेक, गिअरबॉक्स सगळे एका फटक्यात सुटले. कोणी दोन्ही बेअरिंग बदलायला सांगत असेल तर आधी एकदा जाऊन येऊन बघा, एवढंच म्हणेन.

इंजिन सोडवायचं राहिलं होतं, ते पण सोपं. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, शिट्टी वाजत असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन आयडलिंगला येऊ दिलं. शिट्टी तशीच. म्हणजे इंजिनाची नाही. (इंजिन बंद करायचं नाही हां, चावी तर अजिबात फिरवायची नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.) उलट करून पण बघितलं, उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम वर नेला, काही नाही.

तुमची शिट्टी जर उभ्या गाडीतही येत असेल, आयडलिंगला, तर ही टेप घेऊ नका, तिचा काही उपयोग नाही, तिथे तो स्टेथोस्कोप घ्या. तेव्हा बहुतेक कुठूनतरी हवा आत ओढली जात असते, एखादा व्हॅक्यूमचा होज तडकलेला, इनटेकचं गॅस्केट, किंवा क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या खोक्याची) हवा परत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला. हा शेवटचा तर हमखास शिट्टी वाजवतो, आणि ऑइलचं झाकण सैल केलं किंवा डिपस्टिक जरा वर ओढली की आवाज थांबतो किंवा बदलतो, तिथेच निदान झालं. ब्रेक दाबल्यावर फुस्स येत असेल तर ब्रेक हलका करणारा बूस्टर किंवा त्याचा पाइप. आणि स्कॅनर लावल्यावर मिक्श्चर पातळ (म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त) असल्याचा पी०१७१ कोड आला असेल तर बाहेरची हवा आत घुसतेय हीच पहिली शंका. काही लोक गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात, मी सांगणार नाही, ते पेटतं. धूर सोडून तपासायचं मशीन असलेलं गॅरेज शोधा.

टर्बोवाल्यांचं वेगळं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, थोडी शिट्टी मारतोच, आतलं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं, आवाज येणारच. पण ती शिट्टी अचानक मोठी झाली, दम कमी झाला, डिझेल असेल तर काळा धूर यायला लागला, तर इंटरकूलरचा (ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलाय किंवा क्लॅम्प निसटलाय का ते आधी बघा, टर्बो नवा घ्यायच्या आधी. बेल्टची चिरचिर असेल तर चालू बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून थोडं पाणी मारतात, आवाज जरा वेळ गेला तर बहुधा पुली एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल होऊन घसरतोय. आणि चाकातून येणारी चिर्रर्र ब्रेक दाबल्यावर गायब होत असेल तर पॅड संपत आलेत, पॅडला एक पत्र्याची जीभ मुद्दाम दिलेली असते ती डिस्कला घासून ओरडते. हे सगळं टेपच्या रिव्ह्यूत कशाला असं कोणी म्हणेल, पण यातलं तुमचं नाही हे कळल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही म्हणून लिहिलं.

आता टेप.

कल्पना अशी, गाडीला बाहेरून जेवढ्या फटी, खाचा, कडा आहेत त्यातल्या एकीत वारा बासरी वाजवतोय. खरंच बासरीच, हवेचा झोत धारदार कडेवर आपटतो, कधी वर कधी खाली जातो, मागची पोकळी त्याला साथ देते आणि सूर लागतो. म्हणून तो एका ठराविक वेगालाच लागतो, फुंकर कमी पडली तर बासरी पण वाजत नाही. आता ती फट कानाने शोधणं जवळपास अशक्य, एवढा उंच एकसुरी आवाज काचांवरून उड्या मारत सगळीकडून येतो. मी ड्रायव्हरच्या सीटवरून छातीठोकपणे सांगत होतो आरशातून येतोय, बायको शेजारून सांगत होती मागच्या दारातून. दोघंही चूक निघालो. त्यामुळे ऐकायचंच नाही, फटी बुजवायच्या आणि कोणती बुजवल्यावर आवाज गेला ते बघायचं.

त्याआधी फुकटातली कामं करून घ्या. उभ्या गाडीत आरसे नीट घट्ट बसलेत का बघितले. अँटेना आट्यांची होती, काढून ठेवली. अँटेनावर माझा फार संशय होता कारण गोल काडीवरून वारा गेला की मागे आलटूनपालटून भोवरे सुटतात आणि ती गाते, स्ट्रुहाल नावाच्या शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच हे तारांवर मोजून ठेवलंय, सुराची वारंवारता म्हणजे वेग भागिले जाडी आणि त्याच्या साधारण ०.२ पट. ३ मिलिमीटरची काडी १०० च्या वेगाला साधारण १८५० हर्ट्झला वाजेल, म्हणजे अगदी शिट्टीच. म्हणूनच बऱ्याच अँटेनांवर ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली रेघ असते, शोभेची नसते, भोवरे मोडायला असते, उंच चिमण्यांवर पण तशीच असते. मी भयंकर खुशीत अँटेना काढून निघालो आणि ८५ ला शिट्टी हजर. असो.

मग टेप लावण्याचं. गाडी धुवून पूर्ण कोरडी करा, धुळीवर ही टेप चिकटत नाही. पाऊस नसलेला दिवस घ्या कारण वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकवर पण टेप लावायचीये, वायपर चालवता येणार नाही. मी पहिल्याच फेरीला सगळं झाकलं: बॉनेटची काचेकडची फट, काचेभोवतीची पूर्ण चौकट, दोन्ही पुढचे पिलर (पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब), आरशाचा पाया आणि आरशाच्या खोक्याचे जोड, पुढच्या दारांच्या तिन्ही कडा, मागची छोटी तिकोनी काच, छपरावरच्या दोन लांब पट्ट्या. गाडी ऑपरेशन होऊन आल्यासारखी दिसत होती. पुढची कड बोटाने घट्ट दाबा, वाऱ्याच्या दिशेने, नाहीतर टेपचीच कड उचकटते आणि फडफडायला लागते आणि तुम्ही एक आवाज शोधता शोधता दुसरा तयार करता, माझा पहिला अर्धा तास त्यात गेला. दारावरची टेप दार उघडलं की फाटते, कागदी आहे, त्यामुळे आत अडकायची भीती नाही पण दर वेळी नवीन लावायची आणि ती बाहेरून दुसऱ्याने लावायची.

निघालो. ८०, ८५, ९०, ९५. शांत. इतकं शांत की मुलगी म्हणाली भूत उतरलं.

हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल होता, कारण सगळं झाकूनही शिट्टी राहिली असती तर ती खालून किंवा पुढच्या जाळीतून येत असती आणि मग वेगळाच शोध. आता फक्त काढत जायचं. एकेक पट्टी काढत बसू नका, अर्धी काढा. उजवी बाजू पूर्ण मोकळी केली, शांत. म्हणजे डावीकडे. डावीकडचं दार आणि मागची काच मोकळी केली, शांत. आरसा मोकळा केला, शांत!! इथे माझं आणि बायकोचं दोघांचं नाक कापलं गेलं. उरला डावा पिलर आणि काचेची डावी कड. पिलरच्या टेपचा फक्त वरचा वीतभर तुकडा काढला आणि ८५ ला आली, तीच, दातांच्या फटीतली. पाच फेऱ्या, एकच रस्ता, एकच दिशा, आणि दर वेळी त्याच वेगाला, कारण वाऱ्याचा आवाज वेगाने फार झपाट्याने वाढतो, ८० वरून १०० केलं की साधारण ६ डेसिबलचा फरक पडतो, मग आधीपेक्षा कमी की जास्त हे कसं कळणार. दर फेरीला वही काढून लिहिलं, आणि ते शेजारच्याने लिहायचं, चालवणाऱ्याने फक्त चालवायचं.

खाली उतरून बघितलं तर काच आणि पिलर यांच्या मधली ती लांब काळी पट्टी वरच्या टोकाला दोनेक मिलिमीटर उचललेली. दिसत पण नव्हती, बोट फिरवलं तेव्हा टोचली. आणि तेव्हा ट्यूब पेटली की त्याच्या अडीच महिने आधी पुढची काच बदलली होती. काच बदलताना ही पट्टी काढावी लागते, आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा त्यात तुटतात, आणि नवीन क्लिपा घालायच्या ऐवजी जुनीच पट्टी दाबून बसवली की काही दिवस टिकते आणि उन्हाने हळूहळू टोक सोडते. शिट्टी काच बदलल्यावर लगेच आली असती तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, ती आली नंतर कधीतरी, म्हणून डोक्यातच आलं नाही. शिट्टीच्या आधीच्या तीनचार महिन्यांत गाडीचं काय काय खोललं होतं याची यादी मी टेपच्या आधी करायला हवी होती.

यावरून दाराचं बीडिंग निर्दोष होतं हे पण कळलं, आणि ते आधीच कळायला हवं होतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सगळीकडे सारखी अडली पाहिजे, जिथे लोण्यातून सुरी निघावी तशी निघेल तिथे गळती. माझी सगळीकडे अडत होती. शिवाय शिट्टी चालू असताना मागची काच बोटभर खाली केली तरी सुरात फरक पडत नव्हता. दाराच्या फटीतून हवा आतबाहेर करत असती तर आतला दाब बदलल्यावर सूर बदलला असता. माझा आवाज पूर्ण बाहेरचा होता, फक्त काचेतून आत ऐकू येत होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. काच बदलणाऱ्यांनी फोनवर सांगितलं की या, सिलिकॉन मारून देतो. नको म्हटलं. तिथे सिलिकॉन एकदा लागलं की त्याचा थर पूर्ण निघत नाही, आणि पुढे कधी काच पुन्हा बसवायची झाली तर काचेचा खरा गोंद, तो युरेथेनवाला, त्यावर धरत नाही. वर काही सिलिकॉनना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं ॲसिड पत्र्याला गंज आणतं. नवीन पट्टी आणि नवीन क्लिपांचा संच आणून बसवायला सांगितला, प्रत्येक क्लिप टक्कन बसल्याचा आवाज ऐकला मगच हललो. जाताना येताना, वाऱ्यात बिनवाऱ्यात, ११० पर्यंत शांत. चार महिने झाले.

आता अर्धा स्टार. मी ४८ मिलिमीटर रुंदीची घेतली, ती या कामाला फार रुंद आहे, वळणावर सुरकुत्या पडतात, आरशाच्या खोक्यावर तर लागतच नाही, २४ वाली घ्या. दुसरं, उन्हात विसरू नका. ही माझी निळी टेप गोंद सोडत नाही म्हणतात ते सावलीत खरं, मी एक तुकडा छपरावर दोन दिवस विसरलो तर कडेला चिकट रेघ राहिली, घासून काढावी लागली. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर जपून, ओढताना हळू, जवळजवळ उलटी मुडपून ओढायची, सरळ वर खेचली तर कच्चा रंग घेऊन येऊ शकते. आणि साधी पिवळी टेप पण चालेल का असं कोणी विचारेल, चालते, पण ९० ला माझ्या भावाच्या गाडीवरून उडून गेली.

त्याच्या गाडीची शिट्टी कॅरिअरची निघाली बरं का. छपरावरच्या आडव्या दांड्यांना वर एक खाच असते सामान अडकवायला, तिच्यावरची रबरी पट्टी हरवली होती, खाच उघडी, की झाली बासरी. त्याला सगळी गाडी झाकायचीच गरज पडली नाही, खाचेवर टेप मारली आणि संपलं. चौकोनी जुन्या दांड्या असतील तर त्यांच्याभोवती दोरी तिरकी गुंडाळून बघा, अँटेनाच्या स्प्रिंगवालीच युक्ती आहे.

शिट्टी गेल्यावर एक झालं की आता गाडीत बाकीचं सगळं ऐकू येतं. परवापासून मागून खुट् खुट् खुट् येत होतं. मधल्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटत होतं. त्याला उरलेल्या रोलमधलाच एक तुकडा गुंडाळलाय.